विडंबनपट बनवणे सोपे झाले, दाखवणे नाही

सोलापूरच्या पूर्व भागातली काही तरुण मुले गाजलेल्या चित्रपटांतले प्रसंग आपल्या गल्लीत, आपल्या मराठी-तेलुगू मिश्र बोलीत पुन्हा उभे करतात आणि मोबाइलवर चित्रित करतात. त्यांचे काम मी आवडीने आणि जवळून पाहत आलो आहे. चित्रपट कसा घडतो हे शिकण्याचा याहून चांगला मार्ग आमच्या शहरात मला तरी दिसत नाही, कारण प्रसंगाचे विडंबन करायचे तर आधी तो सुटा करून तपासावा लागतो. दोन पात्रे समोरासमोर बोलत असताना कॅमेरा त्यांच्यामधल्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला का ठेवतात, हे ती रेषा नकळत ओलांडल्यावर आणि दोघेही एकाच दिशेला पाहत असल्यासारखे दिसू लागल्यावर जितके पक्के समजते, तितके पुस्तकातून समजत नाही.

सर्वांत आधी दगा देतो तो आवाज. यंत्रमागांचा खडखडाट संवादांवर मात करतो, म्हणून मुले खिडक्यांवर चादरी टांगून बंद खोलीत संवाद नव्याने डब करतात. मग ध्यानात येते की पावलांचा आणि दार लोटल्याचा आवाजही मूळ ध्वनीबरोबर गेला आहे. मोठ्या स्टुडिओत हे आवाज फोली कलाकार स्वतंत्रपणे तयार करतात. इथे ते काम चपला आणि फरशी यांच्यावर भागते, आणि ते चांगले भागते.

या वाटेवर आधी चाललेले गाव म्हणजे मालेगाव. तेही यंत्रमागांचेच गाव. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ बनवला, त्यात दरोडेखोरांना घोड्यांऐवजी सायकली दिल्या आणि संकलन व्हीसीआरवर केले. साधने तुटपुंजी होती, पण प्रेक्षक हाताशी होते. चित्रपट गावातल्याच पडद्यावर लागला आणि लोकांनी तो तिकीट काढून पाहिला.

आज परिस्थिती नेमकी उलटी आहे. कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे, संकलनही त्याच यंत्रावर होते, परंतु प्रदर्शनाची वाट अरुंद आहे. सार्वजनिक प्रदर्शनासाठी १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्र लागते. शिवाय चित्रपटगृहात आता रिळांऐवजी कुलूपबंद डिजिटल प्रत येते, जिची किल्ली ठरावीक पडद्यासाठी आणि ठरावीक मुदतीपुरतीच चालते. ही व्यवस्था चोरी रोखण्यासाठी योग्यच आहे, पण ती शुक्रवारी शेकडो पडद्यांवर झळकणाऱ्या चित्रपटाच्या मापाने बेतलेली आहे. वीस मिनिटांच्या हौशी विडंबनाला त्यात जागा सापडत नाही.

म्हणून सगळे यूट्यूबवर जाते, आणि तिथे २००७ पासून चालत आलेली कंटेंट आयडी यंत्रणा मूळ ध्वनी व चित्राशी जुळणारा तुकडा आपोआप ओळखते. हक्कधारक तो व्हिडिओ अडवू शकतो किंवा त्याचे उत्पन्न स्वतःकडे वळवू शकतो. विनोद, टीका आणि निव्वळ उचल यांतला फरक यंत्राला कळत नाही. मूळ गाण्याचा तुकडा पार्श्वसंगीत म्हणून वापरला की बहुधा तिथेच अडचण सुरू होते. त्यामुळे प्रसंग स्वतः अभिनित करावा आणि संगीत स्वतःचे असावे, शक्य तर हलगी वाजवणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याला बोलवावे, असे मी या मुलांना आग्रहाने सांगतो. त्याने विडंबनही अधिक आपले होते.

कायद्याची बाजूही स्पष्ट व्हायला हवी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका आणि समीक्षेसाठी उचित वापराची मुभा आहे, मात्र विडंबनाचा तिथे नावाने उल्लेख नाही. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एका नाटकावरील प्रतिनाटकाला या मुभेचे संरक्षण दिले, पण प्रत्येक हौशी दिग्दर्शकाने न्यायालयाची पायरी चढावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. कॅनडाने २०१२ मध्ये आणि ब्रिटनने २०१४ मध्ये विडंबनाला कायद्यात नावानिशी स्थान दिले. तशीच एक ओळ आपल्या कलम ५२ मध्ये यावी आणि छोट्या, विनामूल्य प्रदर्शनांसाठी प्रमाणपत्राची सोपी, स्वस्त वाट असावी, अशी माझी मागणी आहे. ती मान्य झाली, तर ही मुले आपले चित्रपट सोलापुरातल्याच एखाद्या सभागृहात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना समोर बसवून उघडपणे दाखवू शकतील.