कंपनीचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये आणताना

चिप बनवणाऱ्या कंपनीचा वाय-फाय ड्रायव्हर हाती आला की अनेक जण आधी चेकपॅच (कर्नलच्या कोडची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट) चालवतात. हजारो इशारे येतात आणि मग आठवडेच्या आठवडे कंस नि मोकळ्या जागा नीट करण्यात जातात. त्यातला निम्मा कोड पुढे उडवायचाच असतो, तेव्हा हे काम शेवटी ठेवा.

आधी मूळ ड्रायव्हर चालू असताना तो हार्डवेअरशी काय बोलतो, याची नोंद घ्या. हा संवाद टिपायला यूएसबी उपकरण असेल तर यूएसबीमॉन, एक्स८६ (इंटेल-एएमडी) मशीनवर पीसीआय कार्ड असेल तर एमएमआयओट्रेस हे साधन वापरा. चिप सुरू होणे, नेटवर्कला जोडणे, सस्पेंड-रिझ्यूम, मॉड्यूल काढणे, अशा प्रत्येक प्रसंगाची वेगळी फाइल करा. डेटाशीट (चिपचं तांत्रिक माहितीपत्रक) बहुधा मिळत नाही. रजिस्टरमध्ये (चिपला हुकूम देण्याच्या तिच्या आतल्या जागांमध्ये) कोणता आकडा कोणत्या क्रमाने गेला, हीच तुमची डेटाशीट. कोडमध्ये विनाकारण वाटणारी एखादी दहा मिलिसेकंदांची थांबणूक चिपच्या जुन्या आवृत्तीतला दोष सांभाळत असू शकते. आकड्यांना नावं जरूर द्या, पण क्रम हलवू नका. प्रत्येक बदलानंतर नवी नोंद घेऊन जुनीशी ताडून बघा.

मग मधला थर काढायचा. एकच कोड विंडोजवरही चालावा म्हणून कंपन्या मेमरी, लॉक, टायमर, याद्या अशा सगळ्यांवर स्वतःची वेष्टणं चढवतात. कोकिनेलने (सी कोडमध्ये ठरावीक साच्याचे बदल सगळीकडे करणारं साधन) ती सरसकट बदलता येतात, अपवाद मेमरीचा. तिथल्या वेष्टणात बऱ्याचदा ‘आपण इंटरप्टमध्ये आहोत का’ एवढंच तपासून मेमरी मागताना जीएफपी_अ‍ॅटॉमिक (न झोपता) द्यायचा की जीएफपी_कर्नल (झोपायची मुभा) ते ठरवलेलं असतं. साधा स्पिनलॉक (जो धरून झोपायला मनाई असते असा लॉक) हातात असला तर त्या तपासणीला तो कळत नाही, आणि कोड लॉक धरून झोपायला जातो. म्हणून अशी प्रत्येक जागा वाचून, वरून कोण बोलावतं ते पाहूनच फ्लॅग निवडा. एमडीलेच्या (जागेवरच फिरत थांबणं) जागी एमस्लीप (झोपून थांबणं) घालतानाही हाच प्रश्न विचारायचा.

यूएसबी ड्रायव्हरमध्ये स्टॅकवरचा (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतला) बफर थेट कंट्रोल मेसेजला दिलेला हमखास सापडतो. एक्स८६ वर ४.९ आवृत्तीपासून कर्नलचा स्टॅक व्हीमॅलॉकच्या (भौतिकदृष्ट्या सलग नसलेल्या) मेमरीत असू शकतो आणि तिथे डीएमए (हार्डवेअरने थेट मेमरीत वाचणं-लिहिणं) चालत नाही. बफर केमॅलॉकने (सलग मेमरी देणारं फंक्शन) घ्या. हार्डवेअरच्या डिस्क्रिप्टरसाठी (चिपला दिल्या जाणाऱ्या माहितीच्या नोंदींसाठी) वापरलेले सी भाषेतले बिटफील्डही (मोजक्या बिटांचे भाग) काढा. एन्डियन (प्रोसेसरचा बाइट मांडण्याचा क्रम) बदलला की त्यांची मांडणी उलटते. त्याऐवजी __एलई३२ (ठरलेल्या बाइट-क्रमाचा ३२ बिटांचा प्रकार) आणि मास्क वापरले की उरलेल्या चुका स्पार्स (कर्नलचा कोड तपासणारं साधन) दाखवून देतो.

पण खरा निर्णय वेगळाच आहे. अशा ड्रायव्हरमध्ये अनेकदा ८०२.११ चा (वाय-फायच्या मानकाचा) अख्खा प्रोटोकॉल स्टॅक कंपनीने स्वतः लिहिलेला असतो. कर्नलमध्ये मॅक८०२११ हा त्याच कामाचा सामाईक कोड असताना तो घासूनपुसून ठेवण्यात अर्थ नाही. अर्धवट ड्रायव्हरसाठी २००८ पासून स्टेजिंग डिरेक्टरी आहे. तिथला आर८१८८ईयू हा वाय-फाय ड्रायव्हर कितीतरी साफसफाईनंतरही शेवटी काढला गेला, कारण मॅक८०२११ वर बसलेल्या आरटीएल८एक्सएक्सएक्सयू या ड्रायव्हरमध्ये तीच चिप चालू लागली. त्यामुळे रजिस्टरचे क्रम, कॅलिब्रेशनची कोष्टकं आणि फर्मवेअर चढवण्याची रीत तेवढी उचला, बाकीचं नव्याने लिहा. हेडर फाइलमध्ये बाइटच्या रांगा करून कोंबलेलं फर्मवेअर बाहेर काढून रिक्वेस्ट_फर्मवेअरने (वेगळ्या फाइलमधून फर्मवेअर आणणारं फंक्शन) मागवा, मात्र ते पुन्हा वाटण्याचा परवाना आहे ना, हे आधी बघा.

डीईव्हीएम_ फंक्शनं (घेतलेल्या गोष्टी आपोआप सोडणारी) सोयीची आहेत, पण त्यांनी घेतलेला इंटरप्ट ड्रायव्हरचं रिमूव्ह फंक्शन (उपकरण काढताना चालणारं) संपल्यावरच सुटतो. रिमूव्हमध्ये तुम्ही हाताने बफर मोकळा केला आणि उशिरा एक इंटरप्ट आला, की हँडलर मोकळ्या मेमरीत लिहितो.

पॅचमध्ये मांडणी आणि वर्तन एकत्र मिसळू नका. प्रत्येक पॅचनंतर कर्नल बिल्ड व्हायला हवा आणि कार्ड चालायला हवं, नाहीतर बिघाड शोधताना गिट बायसेक्टचा (बिघडवणारा पॅच शोधून काढणारी आज्ञा) उपयोग उरत नाही. पाठवण्याआधी केएसॅन, लॉकडेप आणि डीएमए-डीबग (मेमरी, लॉक आणि डीएमएच्या चुका पकडणाऱ्या कर्नलच्या तपासण्या) चालू करून मॉड्यूल शंभर वेळा चढवा-उतरवा. मग भर ट्रॅफिकमध्ये डोंगल उपटून बघा.