तुम्ही विचारलंत म्हणून: आयबीला अभ्यास कमी असतो का?

लेक दहावीनंतर आयबीला, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या दोन वर्षांच्या डिप्लोमाला गेली तेव्हापासून लग्नात, सोसायटीच्या गणपतीत, अगदी भाजी घेताना सुद्धा एकच प्रश्न येतो, "तिकडे अभ्यास कमी असतो ना, नुसते प्रोजेक्ट असतात?" आजवर दोन वाक्यांत सांगून मोकळी व्हायचे, पण परवा ज्या ताईंनी विचारलं त्यांचा मुलगा यंदा दहावीला आहे, त्यांना खरंच निर्णय घ्यायचाय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

नाही हो ताई, कमी नसतो. दोन वर्षांत सहा विषय, तीन हायर लेव्हलचे म्हणजे जास्त खोलात, तीन स्टँडर्डचे, प्रत्येकाला 7 पॉइंट म्हणजे 42, आणि वरचे 3 टीओके आणि एक्स्टेंडेड एसेचे मिळून (हे दोन्ही काय ते पुढे सांगते), असे एकूण 45. शिवाय मे महिन्यात बोर्डासारखे लेखी पेपर असतातच, ते काही चुकत नाहीत. 1968 साली जिनिव्हात हे सुरू झालं ते देशोदेशी बदली होणाऱ्या लोकांच्या मुलांना कुठल्याही युनिव्हर्सिटीत चालेल असं एकच सर्टिफिकेट मिळावं म्हणून, त्यामुळे एका देशाचं ठरलेलं पुस्तक, त्यावरचे अपेक्षित प्रश्न, असा प्रकार तिथे नाही, आणि आमची लेक स्टेट बोर्डातून गेलेली, तिला पहिले चार महिने हेच सगळ्यात जड गेलं.

टीओके म्हणजे थिअरी ऑफ नॉलेज. पहिल्या वर्षी त्याचं एक प्रदर्शन असतं, ठरलेल्या 35 प्रश्नांतला एक घ्यायचा आणि खऱ्या आयुष्यातल्या तीन वस्तू घेऊन त्यावर लिहायचं. तिने घेतला "ज्ञान कशाला म्हणायचं?" हा प्रश्न. आठवडाभर नेटवर शोधत होती, काही सुचेना, आणि मग एका रविवारी सासूबाईंचं दाते पंचांग उचललं. त्यात पावसाच्या नक्षत्रांची वाहनं असतात ना, हत्ती, बेडूक, उंदीर, त्या पानावर सासूबाईंनी कडेला पेन्सिलीने दरवर्षीचं लिहिलेलं, "मृग कोरडा", "आर्द्रा चांगला". दुसरी वस्तू सासऱ्यांची गावच्या पर्जन्यमापकाची वही, रोज सकाळी किती मिलिमीटर ते. तिसरी फोनवरच्या हवामानाच्या अ‍ॅपचा स्क्रीनशॉट. मग दोन दिवस घरात हाच विषय, सासूबाई म्हणाल्या बेडूक वाहन असलं की पाऊस लागतोच, ही म्हणाली आजी तुझ्याच पेन्सिलीत दोन वर्षं "बेडूक, पाऊस नाही" लिहिलंय, मग दोघी चष्मे लावून आजोबांची वही ताडून बघत बसल्या. सासूबाई रागावल्या नाहीत, त्यांनी स्वतःच आणखी तीन वर्षांच्या नोंदी शोधून दिल्या. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की ही शाळा नक्की काय शिकवतेय.

एक्स्टेंडेड एसे 4000 शब्दांपर्यंत असतो, विषय मुलानेच शोधायचा. हिने केमिस्ट्रीत कोकमाच्या आगळाचा रंग उष्णतेने किती उतरतो ते मोजलं, महिनाभर आमच्या फ्रिजमध्ये लेबलं लावलेल्या बाटल्या. रीडिंग जुळेनात तेव्हा तिने सरांना विचारलं, उत्तर काय यायला हवं? सर म्हणाले, मलाही माहीत नाही, तू सांग. घरी येऊन रडली हो, कारण दहा वर्षं तिला असं कुणी म्हटलंच नव्हतं.

आणि ते समाजकार्य, खेळ, कला वगैरे, ज्याला कॅस म्हणतात, त्याला मार्क नाहीत पण त्याशिवाय डिप्लोमा मिळत नाही. हिचा ग्रुप मुळशीकडच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत गोष्टी वाचायला जायचा. जुलैत एका शनिवारी गेले तर अर्धा वर्ग गायब, भात लावणी चाललेली. पोरं चिखलात, मग ग्रुपने प्लॅन बदलला, लावणी संपेपर्यंत वाचन संध्याकाळी देवळात. काही मुलं कॅस फक्त फोटोपुरतं करतात हेही खरं, मला ते अजिबात पटत नाही, त्या गावच्या शाळेतल्या पोरांचा वेळ काही फुकटचा नाही.

आता तुमच्या कामाचं. आयबी डिप्लोमा आपल्याकडे बारावीच्या बरोबरीचा धरतात, त्याची काळजी नको. पण मुलाच्या मनात मेडिकल असेल तर आधीच थांबून विचार करा, कारण नेहमीच्या विषयवाटपात दोनच सायन्स बसतात, फिजिक्स, केमिस्ट्री, बायो तिन्ही हवं तर शाळेला वेगळी परवानगी काढावी लागते, आणि मेडिकलची 'नीट' परीक्षा साधारण मेच्या सुरुवातीलाच, म्हणजे ऐन आयबीच्या पेपरांत येते. इंजिनिअरिंगच्या जेईईचं कोचिंगही वेगळं लागेल, सिलॅबस जुळत नाही. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने दोन्ही एकदम केलं, पार थकून गेला बिचारा. आणि फी लाखांत असते, कर्ज काढून घालू नका असं मी स्पष्ट सांगेन, स्कॉलरशिप आहे का ते पहिल्याच भेटीत विचारा.

शाळा बघायला जाल तेव्हा मुलाला घेऊनच जा आणि ऑफिसात बसण्यापेक्षा कॅन्टीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा, एसेचा विषय काय घेतलास एवढंच विचारा, पुढचं तीच सांगतील. बाकी काही वाटलं तर फोन करा, सातनंतर मी घरीच असते.