बाकाखालचं अंधारं घर

शनिवार, रात्री

दोन्ही दंड भरून आलेत. एकेक बॅटरी अठ्ठावीस किलोची, आणि ती उचलायची कुठून, तर गुडघे टेकून, मान वाकडी करून, बाकाच्या पोटातून.

मोटरहोम आमच्याकडे आलं तेव्हाच त्याला दोन मालक होऊन गेले होते. त्यांतल्या कुणीतरी दिवे, पंप आणि फ्रिजसाठीच्या दोन बॅटऱ्या बाकाखाली सरकवल्या आणि वरून प्लायवूडची फळी सहा स्क्रूंनी आवळून टाकली. बॅटऱ्यांतलं पाणी बघायचं म्हणजे आधी गाद्या उचला, मग स्क्रू काढा, मग टॉर्च तोंडात धरून पालथं व्हा. पुढची बॅटरी दिसते. मागची फक्त हाताला लागते. साहजिकच पुढचीला पाणी मिळायचं आणि मागचीला ‘पुढच्या वेळी’.

आज दोन्ही बाहेर काढल्या. आधी निगेटिव्ह सोडवली, म्हणजे पाना चुकून पत्र्याला टेकला तरी ठिणगी पडत नाही. मागचीची झाकणं उघडली तर सहापैकी चार घरांत प्लेटा उघड्या पडलेल्या. पाण्यात होता तो भाग गडद, वरची कड पांढुरकी, आणि मधे पट्टीने आखावी तशी रेघ. सल्फेटचा इतका पांढरा थर धरल्यावर वरून कितीही डिस्टिल्ड वॉटर ओतलं तरी प्लेट पूर्वीची होत नाही.

त्याहून वाईट म्हणजे वायू गाडीबाहेर नेणारी नळी निखळून कोपऱ्यात लोंबत होती. चार्ज होताना या बॅटऱ्या हायड्रोजन सोडतात, आणि हवेत तो चार टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. बाकाच्या बिजागऱ्या सारख्या का गंजतात म्हणून मी दमट हवेला बोल लावत होते. ते आम्लाचे तुषार होते. आणि त्याच बाकावर मी रात्री झोपते.

रविवार

रात्रभर सुट्या ठेवून सकाळी मल्टिमीटर लावला. पुढची 12.4 व्होल्ट, मागची 11.6. भरलेली असती तर 12.7च्या आसपास दिसायला हवं. मागची गेलीच. पुढचीही दमलेली, आणि त्याला कारण आहे : दोन्ही मुख्य केबल पुढच्याच बॅटरीवरून निघत होत्या, त्यामुळे कामाचा जास्त भार तिच्यावर. पॉझिटिव्ह एकीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून घेतली असती तर दोघींनी सारखं काम केलं असतं. जुनीच्या जोडीला नवी बांधली तर जुनी तिलाही खाली ओढते. म्हणून दोन्ही बदलायच्या.

लिथियमचा मोह झाला. शंभर ॲम्पिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण बारा किलोची, शिवाय पाण्याची कटकट नाही. पण ती शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, आणि आमच्या जुन्या अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या यंत्राला, सरळ जोडली तर ती इतका करंट ओढेल की तोच तापून बसेल. मधे वेगळा चार्जर हवा, गाडीतला चार्जरही बदलायला हवा. एक खण सुधारायला निघाले आणि अख्खी गाडी उकलून बसले, असं व्हायचं. एजीएम घ्यायचं ठरलं, म्हणजे आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषून ठेवलेली सीलबंद बॅटरी. आमच्या चार्जरवर तेवढी सोय आहे, खटका नुसता फिरवायचा होता.

“अगं, सीलबंदच घेतेयस तर तो सरकता ट्रे कशाला? उघडायचंच नाहीये,” हा म्हणाला.

मी त्याला पुढच्या बॅटरीवरचा नट दाखवला. बोटाने फिरत होता. त्याखालचा लग, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची कडी, तापून काळा पडला होता. पाणी लागत नाही म्हणून बघायचंच नाही, यातूनच तर हे झालं.

बुधवार

बाक तसाच ठेवला, फक्त वाटेकडची फळी कापून तिथे दार केलं. बाहेरून, गाडीच्या भिंतीतच दार काढावं असा एक विचार होता, पण जुन्या गाडीची भिंत कापली की पाणी कुठून आत शिरेल सांगता येत नाही. ट्रेला शंभर किलो पेलणाऱ्या स्लाइड लावल्या. पण ते वजन सावकाश ओढण्यापुरतं. धडक बसली तर छप्पन्न किलोचा धक्का टनात मोजावा लागतो, स्लाइडची कडी तिथे काय टिकणार? म्हणून ट्रे आत ढकलला की वरून पट्टा, आणि तो पट्टा खालच्या पोलादी चौकटीला बोल्टने. नळीही नवी बसवली. एजीएमसुद्धा जास्त चार्ज झाली तर वायू सोडते.

शनिवार

केबलने धडा शिकवला. ट्रे बाहेर येतो म्हणजे केबलला सैल लांबी हवी. दोन्ही मिळून दोन मीटर वाढली. पस्तीस चौरस मिलिमीटरची तांब्याची असल्यामुळे शंभर ॲम्पिअरला जेमतेम 0.1 व्होल्ट गळतो, तेवढं चालेल. बारीक तारांची, लवचिक घेतली. पण पहिल्यांदा ट्रे ओढला आणि कर्र असा आवाज आला. पॉझिटिव्हचा वेढा स्लाइडच्या कडेत अडकला होता, वरचं रबर नखभर सोललं गेलेलं.

पोटात गोळा आला, कारण फ्यूज होता पलीकडच्या भिंतीवर. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या मीटरभर केबलला कुणाचाच आधार नव्हता. तांबं पत्र्याला लागलं असतं तर करंट तोडायला काहीच नव्हतं. फ्यूज उचलून ट्रेवरच आणला, पॉझिटिव्हपासून वीतभरही लांब नाही. केबल बदलली, जाळीच्या नळीत घातली, आणि मधोमध एका जागी बांधली, म्हणजे वेढा दर वेळी त्याच बाजूला पडतो.

संध्याकाळी घड्याळ लावून बघितलं. दार उघडून, पट्टा सोडून, ट्रे ओढून, चारही नट पान्याने तपासून पुन्हा बंद करायला चार मिनिटं. पूर्वी नुसते स्क्रू काढण्यातच याहून जास्त वेळ जायचा.

फक्त जेवणाच्या टेबलाचा पाय मधे येतो. तो काढल्याशिवाय ट्रे शेवटचे दहा सेंटिमीटर बाहेर येत नाही. हे मोजताना टेबल दुमडून ठेवलेलं होतं.