पेन्सिल कुठे उचलायची

चेतापेशीची सुबक, नामनिर्देशित आकृती काढताना पोरांची एक चूक ठरलेली: अक्षतंतूचं, म्हणजे पेशीतून निघणाऱ्या लांब धाग्याचं टोक पुढच्या पेशीच्या वृक्षिकेला, म्हणजे तिच्या फांदीसारख्या तंतूला टेकवून टाकतात. लातूरचा क्लास असो की परभणीकडची झेडपीची शाळा, पेन्सिल तिथं उचलायचीच असते. केसाएवढी का होईना, फट हवी.

या फटीवरून दोन मोठ्या माणसांचं कधी जमलं नाही. इटलीच्या कॅमिलो गोल्जींनी १८७३ मध्ये मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये मुरवण्याची रीत मांडली. पिवळट कापावर मोजक्याच पेशी काळ्या झाल्या, पण झाल्या त्या शेंड्यापासून बुडापर्यंत. शंभरात दोन-चारच का रंगतात, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. बरंच आहे म्हणा. सगळ्या रंगल्या असत्या तर काचपट्टीवर नुसतं काजळ दिसलं असतं.

गोल्जींना त्यात जाळं दिसलं, वहीत ठेवून जाळी पडलेल्या पिंपळपानासारखं, शिरेला शीर जोडलेली. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांना दिसल्या पऱ्हाट्या: फांदीत फांदी घुसलेली, पण ज्याचं त्याचं खोड वेगळं. काहालांनी दाट रान सोडून रोपंच बघायला घेतली, म्हणजे पक्ष्यांचे भ्रूण आणि प्राण्यांची कोवळी पिल्लं. अक्षतंतूवर मायलिनचं, म्हणजे चरबीयुक्त पदार्थाचं आवरण चढलं की हा रंग नीट बसत नाही, आणि कोवळ्या वयात ते फारसं चढलेलं नसतं. काप त्यांनी जाड घेतले. सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू खालीवर फिरवायचा आणि वेगवेगळ्या पातळ्यांवरच्या फांद्या एकाच कागदावर शाईनं जुळवायच्या. फोटोत एकच पातळी उमटते, बाकी सगळं धूसर. म्हणून तिथं हातच लागतो.

१९०६ चं नोबेल दोघांना वाटून मिळालं, आणि गोल्जींनी त्या भाषणातही जाळ्याचीच बाजू लावून धरली! फट डोळ्यांना दिसली ती १९५०च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. रुंदी साधारण २० नॅनोमीटर. वर केसाएवढी म्हटलं खरं, पण तिच्यापुढं केस म्हणजे घराचा वासा.

वहीत मात्र एक मिलिमीटर सोडावा. वृक्षिका पेशीकायेशी, म्हणजे पेशीच्या मधल्या गोळ्याशी जाड, पुढं निमुळत्या. अक्षतंतू शेवटपर्यंत सारख्याच जाडीचा, त्याचा मुळा करू नये. आधी २एच पेन्सिलीनं दोन्ही टोकांना ठिपके द्यावेत, मग एचबीनं रेघ तिथवरच आणावी. रेघ टेकल्यावर खोडरबरानं फट पाडायला गेलं की कागद काळवंडतो, आणि अक्षतंतूच्या टोकाचे फुगीर गोळेही पुसले जातात.