भरती यायच्या आधी

१३ जुलै २००२, शनिवार. इंग्लंडला येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि त्या दिवशी सुट्टी असूनही ब्रायटनच्या बीचवर फर्स्ट एडच्या तंबूत ड्युटी मी स्वतः मागून घेतली होती. फॅटबॉय स्लिम, म्हणजे नॉर्मन कुक, तिथलाच राहणारा डीजे, समुद्रावर फुकट पार्टी करणार होता. आदल्या वर्षीही केली होती, तेव्हा ३५ हजारांच्या आसपास लोक आले होते, म्हणून यंदा ६० हजार येतील असं धरून सगळी तयारी केलेली आणि आले अडीच लाखांच्या घरात. ब्रायटन आणि शेजारचं होव्ह यांची मिळून लोकसंख्याच तेव्हा तेवढी होती हो!

ब्रायटनला आपल्यासारखी वाळू नाही, सगळे गोल गुळगुळीत गोटे, चालताना पाय सरकतो. दुपारपासून आमच्याकडे मुरगळलेले घोटे आणि काचेने कापलेले तळवे यायला लागले. सहा वाजेपर्यंत तर तंबूच्या दारातून समुद्र दिसेनासा झाला, नुसती डोकी. मागे उंचावर रस्ता, त्याखाली कमानींतली दुकानं, आणि मधल्या कठड्यांवर, दिव्याच्या खांबांवर, छपरांवर पोरं चढलेली. मोबाईल लागेना. आमच्याबरोबरची सिस्टर केरळची, मला म्हणाली, "डॉक्टर, इथून आता कोणाला बाहेर कसं काढायचं?"

मला एकदम गिरगाव चौपाटी आठवली. परळला शिकत असताना दोन वर्षं अनंत चतुर्दशीला तिथल्या फर्स्ट एडच्या मंडपात होते मी. गर्दी तिथेही अफाट, पण ॲम्ब्युलन्सचा सायरन ऐकला की मंडळांचे कार्यकर्ते हाताला हात धरून साखळी करतात, दोर लावतात आणि बघता बघता वाट होते. इतक्या वर्षांच्या सवयीने हे सगळ्यांच्या अंगात भिनलंय. इथली माणसंही चांगलीच होती, मनापासून सांगते, नाचत होती, अनोळखी माणसाला पाणी देत होती, अडीच लाखांत अटक झाली ती फक्त सहा जणांना. पण बाजूला सरकायचं म्हटलं तरी सरकायला जागाच नव्हती.

नऊच्या सुमाराला दोघं जण एका मुलाला जवळजवळ उचलूनच घेऊन आले, वीसेक वर्षांचा, दम्याचा अॅटॅक, ओठ निळसर पडलेले, पंप गर्दीत कुठेतरी पडलेला, आणि एका दमात दोन शब्दांच्या पुढे बोलता येत नव्हतं. ऑक्सिजन लावला, नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ, दिला, दुसऱ्यांदा दिला, तरी म्हणावा तसा आराम पडेना. त्याला हॉस्पिटलला न्यायलाच हवं होतं आणि ॲम्ब्युलन्स वर रस्त्यावर अडकलेली. चार जणांनी स्ट्रेचर उचलून बघितलं, पाच मिनिटांत आम्ही दहा पावलंही गेलो नाही.

तेव्हा आमच्यातला एक म्हातारा स्वयंसेवक, जन्म तिथेच गेलेला, म्हणाला, "पाण्याच्या बाजूने चला, आत्ता ओहोटी आहे." खरंच पाणी बरंच मागे गेलं होतं, गोट्यांच्या पुढची, एरवी पाण्याखाली असणारी ओली वाळू उघडी पडली होती आणि तिथे गर्दी विरळ होती. सूर्य नुकताच मावळलेला, उजेड होता. आम्ही स्ट्रेचर घेऊन पाण्यातूनच निघालो, बूट भिजले, मी सिलिंडर धरून शेजारून चालत त्याच्याशी सारखी बोलत होते, तू फक्त श्वास सोड, हळू सोड. बरंच पुढे जाऊन वर चढलो तेव्हा ॲम्ब्युलन्सचा निळा दिवा दिसला. तिथे पोचायला पाऊण तास लागला, एरवी हे पाच मिनिटांचं अंतर.

मुलगा वाचला. पण नंतर भरती चढायला लागली, खालची माणसं वर सरकायला लागली आणि आमची ती वाटही गेली. तोच मुलगा दोन तास उशिरा आला असता तर, हा विचार आजही मला सोडत नाही. त्या रात्री शंभराहून जास्त लोक जखमी झाले. कठड्यावरून खाली पडलेली एक तरुणी नंतर गेली, ती आमच्या तंबूत आली नव्हती, मला दुसऱ्या दिवशी कळलं आणि मी बराच वेळ नुसती बसून होते.

फुकट कार्यक्रम करू नये असं मी अजिबात म्हणणार नाही, इतका आनंद एका जागी मी क्वचितच पाहिलाय. पण माणसं आत सोडायच्या आधी एक पट्टा मोकळा आखा आणि तो शेवटपर्यंत मोकळाच ठेवा, हे मी त्यानंतर भेटेल त्या प्रत्येक आयोजकाला सांगत आलेय. पुढे २००७ च्या १ जानेवारीला तिथेच परत पार्टी झाली ती तिकिटं काढून, फक्त स्थानिकांसाठी आणि २० हजारांचीच.

पहाटे पाचला आमचा तंबू उतरवला. स्टेशनवर गाड्या न मिळालेली हजारो पोरं गोट्यांवरच झोपली होती, कोणी कोणाच्या जॅकेटखाली, मधे बाटल्यांचा खच. फोन लागायला लागला होता, घरी साडेनऊ वाजले असतील म्हणून आईला केला. ती म्हणाली, "एवढ्या पहाटे? जेवलीस का काल?" नव्हते जेवले. हॉस्पिटलला फोन करून त्या मुलाची चौकशी केली, ऑक्सिजन काढलाय म्हणाले, आणि मग मी तिथेच गोट्यांवर बसून ओले बूट काढले.