कंडेन्सर माईक घेताना मी खाल्लेली माती

गेल्या महिन्याभरात तिघांनी तेच विचारलं, अरे घरी रेकॉर्डिंग करायचंय, दहाएक हजारात बरा कंडेन्सर माईक सांग ना. प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट पाठवून पाठवून कंटाळलो, शिवाय व्हॉइस नोटमध्ये मी मुद्दा सोडून भलतीकडे जातो असं बायकोचं म्हणणं आहे, म्हणून एकदाच लिहून टाकतो. भलतीकडे इथेही जाणारच, त्याला इलाज नाही.

मी काही साउंड इंजिनियर वगैरे नाही. डोंबिवलीत वन बीएचके, नोकरी अकाउंट्सची, आणि रेकॉर्डिंगचं खूळ डोक्यात शिरलं ते आजीमुळे. आजी गावी असते, सावंतवाडीपासून थोडं आत, वय ८६. जात्यावरच्या ओव्या, फुगडीची गाणी आणि गावातली समस्त भुतं तिला तोंडपाठ. मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग घरी येऊन ऐकलं तर आवाज डब्यातून आल्यासारखा, आणि ती मध्ये जो श्वास घेते, हं म्हणून जरा थांबते ना, ते सगळं मोबाईलने नॉइज समजून पुसून टाकलेलं. आता आजीच्या गोष्टीतून ते थांबणं काढलं तर उरतं काय. म्हटलं माईक घेऊया.

पहिला माईक घेतला ऑनलाईन, बाराशे रुपयांचा. काळी नळी, सोनेरी जाळी, स्टँड, स्पंजची टोपी, कात्रीसारखा हात, सगळं एका खोक्यात. या रूपाचे माईक पन्नास नावांनी विकले जातात त्यामुळे नाव सांगण्यात अर्थ नाही. दोन दिवस मी त्याच्या टाळूवर तोंड नेऊन बोलत होतो, आइस्क्रीमच्या कोनासारखं, आणि आवाज लांबून का येतोय म्हणून माईकलाच शिव्या देत होतो. मग कळलं की असले बहुतेक माईक बाजूने ऐकतात, ज्या बाजूला लोगो असतो ती सहसा पुढची बाजू, तिकडून बोलायचं. मागून आलेला आवाज ते बऱ्यापैकी टाळतात, त्यालाच कार्डिऑइड म्हणतात. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी हेच केलं असणार.

बरं, बाजू सुधारली तरी मागे पाऊस पडल्यासारखा सूंऽऽ आवाज कायम. शेवटी स्क्रू काढून उघडला, तर एवढ्या मोठ्या नळकांड्यात आत शर्टाच्या बटणाएवढी कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा खरा भाग, बाकी सगळी हवा.

आता कंडेन्सर म्हणजे काय ते थोडक्यात. एक अगदी पातळ प्लास्टिकची फिल्म, काही मायक्रॉनची, तिच्यावर सोन्याचा अगदी बारीक मुलामा दिलेला, आणि तिच्या मागे अगदी जवळ एक धातूची चकती. आवाजाने फिल्म हलली की दोघींमधलं अंतर बदलतं, अंतर बदललं की कपॅसिटन्स, म्हणजे त्या जोडीची चार्ज साठवायची क्षमता, बदलते, त्यातून इवलासा सिग्नल तयार होतो आणि आतलंच सर्किट तो सावरून बाहेर पाठवतं. या सर्किटला आणि चकतीवरच्या चार्जला वीज लागते, ती केबलमधूनच ४८ व्होल्टने वर जाते, तिला फँटम पॉवर म्हणायचं. काही माईकांत चार्ज कायमचा भरलेला असतो, त्यांना इलेक्ट्रेट म्हणतात, तो प्रकार १९६२ साली अमेरिकेत बेल लॅब्समध्ये सेसलर आणि वेस्ट या दोघांनी काढला. इलेक्ट्रेट म्हणजे हलका माल असं दुकानदार सांगतात, ते तितकंसं खरं नाही, चांगले इलेक्ट्रेट भरपूर आहेत. आजीला मी हे सोन्याचं सांगितलं तर तिने माईक हातात घेऊन वजन केलं आणि म्हणाली, "एवढ्याशा सोन्याक एवढे पैसे?"

बाराशेवाल्याने तोंड पोळल्यावर मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानातला मुलगा म्हणे साहेब हा घ्या, वीस हर्ट्झ ते वीस हजार हर्ट्झ, एकदम क्रिस्प आवाज. अरे बाबा, ते वीस ते वीस हजार, म्हणजे खर्जापासून टिपेपर्यंतची आवाजाची रेंज, तर बाराशेच्या खोक्यावरही छापलेलं होतं! हे ज्या दिवशी डोक्यात शिरलं त्या दिवशी मी स्पेसिफिकेशनचा कागद उलटा वाचायला लागलो. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याने त्यात पहिला बघायचा आकडा म्हणजे सेल्फ नॉइज. माईकसमोर कोणी चकार शब्द काढला नाही तरी माईक स्वतः किती सूं करतो, तो आकडा. डीबीमध्ये, म्हणजे डेसिबलमध्ये असतो, जितका कमी तितका बरा.

खोक्यावर तो लिहिलेला नसेल तर सिग्नल टू नॉइज रेशो लिहिलेला असतो, कारण तो आकडा मोठा दिसतो आणि मोठा आकडा बघून आपण खूश होतो. तो मोजताना समोर ९४ डीबीचा आवाज धरलेला असतो, म्हणून ९४ मधून तो वजा करायचा की सेल्फ नॉइज मिळतो. माझ्या बाराशेवाल्यावर ६० लिहिलेलं होतं, म्हणजे ३४ डीबी. खेळ तिथेच खल्लास. ऑडिओ टेक्निकाच्या एटी२०२० चा ७४, म्हणजे २०. त्यांच्याच एटी२०३५ चा सेल्फ नॉइज १२. रोड (Rode) नावाच्या कंपनीच्या एनटी१-ए चा ५. हे आकडे कंपनीच छापते, मी काही कानाने मोजलेले नाहीत.

तर मग सरळ ५ वालाच घ्यावा ना? इथेच गंमत आहे आणि इथेच मी दुसऱ्यांदा माती खाल्ली.

मी घेतला २० डीबीच्या आसपासचा, आठ हजारांच्या आतबाहेर, मॉडेल सांगत नाही कारण त्याचा काही दोष नाही. डोंबिवलीत लावला आणि खरं सांगतो, जीव सुखावला. सूं गायब, आवाज गोल, बायकोने एक भावगीत म्हटलं ते ऐकून शेजारच्या काकूंनी विचारलं रेडिओवर गायलीस का गं. मी मित्रांना सांगत सुटलो की महागाचे माईक म्हणजे नुसता चोचलेपणा. पण हे झालं कशामुळे बघा. आमच्या घरात रात्री एक वाजता, पंखा बंद, फ्रीज बंद, खिडक्या बंद करून मोबाईलच्या अ‍ॅपवर ३८-४० डीबी दाखवतं. त्या अ‍ॅपवर फार विश्वास ठेवू नका, पण अंदाज येतो. लांबून जाणारी मालगाडी, सोसायटीचा पंप, वरच्या मजल्यावरच्यांची सरकवलेली खुर्ची, कुत्र्यांची महासभा, हे सगळं मिळून ४०. त्या ४० खाली माईकचे २० सुखाने झोपलेले. तिथे मी ५ वाला आणला असता तरी एका कणाचा फरक ऐकू आला नसता, दहा-बारा हजार जास्त मोजून मी मालगाडी अधिक स्वच्छ रेकॉर्ड केली असती फक्त.

मग मे महिन्यात तुतारी एक्सप्रेस पकडून गावी गेलो, माईक टॉवेलात गुंडाळून कपड्यांच्या मधोमध. रात्री जेवणं झाल्यावर माजघरात बसलो, आजी पाटावर, पुढ्यात माईक आणि त्याच्यापुढे प-फ चे फुत्कार अडवायला पॉप फिल्टर, म्हणजे भरतकामाच्या रिंगवर ताणलेला पायमोजा. आजी त्याला चाळण म्हणते. "चाळणीतसून बोलू मा?" आणि बोलली, तासभर बोलली, पिंपळावरच्या देवचाराची गोष्ट, मग तीन ओव्या, मग परत देवचार. मी हेडफोन लावून बसलेलो, आणि माझ्या कानात परत तो पाऊस! हळू, पण पाऊसच.

आधी वाटलं इंटरफेसचा, म्हणजे माईक आणि लॅपटॉपच्या मधल्या डबीचा दोष, कारण माझा इंटरफेस बाजारातला सगळ्यात स्वस्त, ४८ व्होल्टचं बटण असलेला. परत आल्यावर मित्राचा स्कार्लेट सोलो नावाचा इंटरफेस आणून शेजारच्यांच्या गाडीत, काचा लावून, रात्री दोनला तपासलं, सूं जशीच्या तशी. नंतर समजलं की कंडेन्सरचा सिग्नल तसा तगडा असतो, त्यामुळे इंटरफेसची कुरकुर सहसा माईकच्या कुरकुरीखाली दबते, बारीक सिग्नल देणारा डायनॅमिक माईक, म्हणजे स्टेजवर गायक हातात धरतात तो एसएम५८ सारखा, असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे इथे चोर माईकच. गावात रात्री मालगाडी नाही, पंप नाही, शेजारच्या घराचा दिवाही दिसत नाही इतकं लांब घर. ते ४० चं पांघरूण निघालं आणि खालचे २० उघडे पडले. त्यात आजीचा आवाज मुळात हळू, आणि ती माईकजवळ येत नाही. तिला सांगितलं की वीतभर अंतरावर बोल, दोन वाक्यं बोलते, मग गोष्ट रंगली की हात हलवत मागे सरकते, भिंतीला टेकते. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डीबीने पडतो, चौपट झालं की १२ ने. माईकचे २० मात्र जिथल्या तिथे बसलेले, ते काय मागे सरकत नाहीत.

म्हणून आता मला कोणी विचारलं की कुठला घेऊ, तर मी आधी विचारतो, रेकॉर्डिंग करणार कुठे आणि काय? शहरात फ्लॅटमध्ये गाणार असाल, रॅप, पॉडकास्ट, तोंड माईकपासून वीतभर, तर २० वाला घ्या आणि निवांत झोपा, उरलेल्या पैशात जाड गाद्या, रजया, गोधड्या जमवा आणि गाताना मागे आणि दोन्ही बाजूंना टांगा. आमच्या हॉलच्या टाईल्स आणि मोकळ्या भिंतींनी जेवढं रेकॉर्डिंग नासवलं तेवढं कुठल्याच माईकने नासवलं नाही. ते अंड्यांच्या ट्रेसारखे पातळ फोम चिकटवून काही होत नाही, वरचा चुरचुरीत भाग तेवढा कमी होतो आणि खालची घुमघुम तशीच राहते, खोली उलट अजून कोंदट वाटते. हळू आवाज, सतार, तानपुरा, म्हातारी माणसं, शांत गाव, असं असेल तर मात्र सेल्फ नॉइजवर पैसे घाला, बाकी कशावर नाही.

यूएसबी, म्हणजे थेट लॅपटॉपला लागणारा, की एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांच्या केबलने इंटरफेसला लागणारा, हेही विचारतात. एकटेच बोलणार असाल तर यूएसबी ठीक आहे, उद्या हार्मोनियमला एक आणि तबल्याला एक लावायची वेळ आली की अडकाल. एक्सएलआर घेतलात तर बजेटमध्ये इंटरफेस, केबल, स्टँड धरा, नाहीतर माझ्यासारखं माईक घरी आणि केबल पुढच्या पगाराला. आणि काही स्वस्तातल्या यूएसबी मिक्सरवर ४८ नुसतं छापलेलं असतं. मल्टिमीटरने केबलच्या १ आणि २ नंबर पिनमध्ये मोजून बघा, बराच कमी आकडा आला तर दुकानदाराच्या डोक्यावर नेऊन ठेवा.

गावाकडची अजून एक भानगड म्हणजे अर्थिंग. घर जुनं, अर्थिंगचा पत्ता नाही, लॅपटॉप चार्जरला लावला की हम्म्म्म असा आवाज, चार्जर काढला की गप्प. तेव्हापासून आधी बॅटरी फुल करतो मग आजीला हाक मारतो.

आणि कोकणात, मुंबईतसुद्धा, पावसाळ्यात माईक स्टँडवर तसाच ठेवू नका. फिल्मवर दमट हवा बसली की माईक तडतडतो, फोडणीत मोहरी पडल्यासारखा, एका मित्राचा असा ऑगस्टमध्ये गेला होता, गेला म्हणजे सुकवल्यावर परत आला. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून घट्ट झाकणाच्या डब्यात माईक ठेवतो. आमच्या घरी तो डबा एकदा चकलीचा समजून उघडला गेलाय.

शेवटी मी आठ हजारवाला मावशीच्या मुलाला दिला, तो रील्स करतो, त्याच्यासाठी उत्तम आहे. आणि जुना एनटी१-ए अकरा हजारात घेतला, विकणाऱ्याच्या घरी जाऊन, हेडफोन लावून, पाच मिनिटं सगळ्यांना गप्प बसवून. सेकंडहँड घ्यायचा तर असाच घ्या, तडतड किंवा मध्येच आवाज बसणं हे शांततेतच कळतं, चेक चेक हॅलो करून काही कळत नाही.

दिवाळीत परत गावी. तेच माजघर, तोच पाट, आजी भिंतीला टेकलेली, माईक हातभर लांब. हेडफोनमध्ये पहिल्यांदा काहीच नाही. म्हणजे खरंच काही नाही, मला वाटलं केबल निघाली. मग टक टक ऐकू आलं, ते भिंतीवरचं घड्याळ, त्याचा सेल काढला. मग आजीच्या बांगड्या. मग तिचं ते हं, थांबणं, श्वास. देवचार नेमका पिंपळावरून उतरत होता तेवढ्यात वाशावर पाल चुकचुकली, इतकी स्पष्ट की मी दचकून वर बघितलं. आजी थांबली, दोन बोटांनी जमिनीवर टकटक केलं, कृष्ण कृष्ण म्हणाली, आणि मला म्हणते, "आयकलंस? खरां सांगतंय मी." आणि पुढे सुरू.

ते मी एडिटमध्ये कापलेलं नाही.