शॉट-वहीची प्रगती: '२००१'चा संथपणा कुठून येतो

शॉट-वही म्हणजे पिक्चरमधल्या प्रत्येक शॉटची लांबी आणि तपशील लिहायची वही. दिग्दर्शक कुब्रिकच्या '२००१: अ स्पेस ओडिसी'चे (१९६८) कट, म्हणजे एक शॉट संपून दुसरा लागतो त्या जागा, शोधून झाले. आता शॉटगणिक रकाने भरणं चालू आहे. हाच पिक्चर वहीत घेणाऱ्यांसाठी ही नोंद, कारण अडचणी सगळ्यांना त्याच येणार.

पहिली अडचण प्रतीची. प्रीमिअरनंतर कुब्रिकने सुमारे १९ मिनिटं कापली. आज मिळतो तो पिक्चर १४२ मिनिटांचा. सुरुवातीचं काळ्या पडद्यावरचं संगीत, मध्यंतर आणि शेवटचं संगीत धरून १४९. जुनी युरोपीय डीव्हीडी सेकंदाला २५ फ्रेमने पळते, तिथे १४२ मिनिटांची १३६ होतात आणि प्रत्येक शॉट ४ टक्क्यांनी आखूड भरतो. सेकंदाला २३.९७६ फ्रेम आणि २४ फ्रेम यांतला फरक अख्ख्या पिक्चरभर जेमतेम साडेआठ सेकंदांचा, पण दोन वह्या शेजारी ठेवल्या की शेवटाकडे ओळी जुळेनाशा होतात. म्हणून लांबी फ्रेममध्ये लिहा, सेकंद नंतर काढा. काळा पडदा शॉट म्हणून धरू नका. एवढ्यानेच सरासरी फुगते.

कट शोधायला 'पायसीनडिटेक्ट' हा संगणकावरचा प्रोग्रॅम चालतो, पण जसंच्या तसं नाही. त्यात शॉटची किमान लांबी ०.६ सेकंद ठरलेली असते. अंतराळवीर पूलचा खून होतो तिथे यानाचा बोलणारा संगणक हॅल याच्या लाल डोळ्यावर झटपट जवळ जाणारे कट आहेत. एरवी निवांत चालणारा पिक्चर नेमका तिथे दात दाखवतो, आणि यंत्र ते कट एकमेकांत मिसळून टाकण्याची भीती असते. किमान लांबी एक-दोन फ्रेमवर आणा. उलट शेवटच्या प्रकाशबोगद्यात रंग इतके भराभर बदलतात की यंत्राला जिथे तिथे कट दिसतो. तो भाग हातानेच करायचा. फेड (दृश्य हळूहळू काळं होणं किंवा उजळणं) हेही हातानेच तपासायचे, कारण दोन शेजारच्या फ्रेममधला फरक उंबरठा ओलांडत नाही.

सरासरीऐवजी मध्यक (लांबीच्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला शॉट) वापरा. दोन-चार लांबलचक शॉट सरासरी वर ओढतात आणि मग 'रटाळ' हा शेरा आकड्यानिशी सिद्ध झाल्यासारखा वाटतो. खरं तर मध्यकही पुरत नाही. संथपणा लांबीत कमी आणि त्या वेळात प्रेक्षकाला करायला काय दिलंय यात जास्त असतो. म्हणून वहीत दोन रकाने वाढवले: 'आवाज' (संवाद, संगीत, श्वास, यंत्र, पूर्ण शांतता) आणि 'कारण', म्हणजे शॉट एवढा लांब असायला पडद्यावरच्या जगातच काही कारण आहे का.

'कारण' रकान्यात सर्वांत भरघोस माल यानातल्या बीबीसी मुलाखतीत मिळतो. निवेदक सांगतो की यान ८ कोटी मैलांवर आहे, शब्द पोचायला ७ मिनिटं लागली आणि मधला वेळ संकलनात काढला आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला १,८६,२८२ मैल. भागाकार येतो ४२९ सेकंद, म्हणजे ७ मिनिटं ९ सेकंद. हिशेब चोख. पण मजा पुढे आहे. हे अंतर मान्य केलं की पृथ्वीशी गप्पा अशक्य होतात. पूलचे आईवडील वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात तेव्हा तो नुसता पडून ऐकतो, उत्तर नाही. नियंत्रण कक्षाचे निरोपही एकतर्फी. प्रश्नोत्तरांची चटपटीत कापाकापी करायला जागाच उरत नाही, आणि यानात बोलायला उरतो तो हॅल. अशा शॉटना वहीत 'एकतर्फी' अशी खूण करा. एकदा केली की ती किती ठिकाणी येते ते दिसतं.

'कारण' रकान्याचं दुसरं उदाहरण म्हणजे वजनरहित यानातले ग्रिपवाले बूट. हवाईसुंदरीचा एक पाय कायम चिकटलेला हवा, म्हणून ती भरभर चालूच शकत नाही. तरंगतं पेन प्रत्यक्षात फिरत्या काचेवर दुहेरी चिकटपट्टीने लावलेलं होतं. ती ते काचेवरून अलगद सोडवून घेते, तो क्षण फ्रेम-फ्रेमने पाहण्यासारखा आहे.

यानात फिरून गुरुत्वाचा भास देणाऱ्या चाकाच्या सेटचा हिशेब मात्र जुळत नाही, आणि तोही लिहायचा. सेटचा व्यास ३८ फूट, वेग जास्तीत जास्त ताशी ३ मैल, म्हणजे एका फेरीला सुमारे २७ सेकंद. एवढ्या त्रिज्येत चंद्राएवढं गुरुत्व हवं तरी मिनिटाला ५ फेऱ्या लागतील, पृथ्वीएवढं हवं तर १२च्या वर. सेट सव्वादोनच फेऱ्या मारतो. अर्थात खऱ्या वेगाने फिरवला असता तर धावणारा पूल पहिल्याच फेरीत आडवा झाला असता.

आवाजाच्या रकान्यात 'शांतता' लिहिताना सैल राहू नका. यानाबाहेरच्या कामात फक्त श्वास ऐकू येतो. ती शांतता नव्हे. पूल भिरकावला जातो तेव्हा तोही तुटतो, ती खरी शांतता. दुसरा अंतराळवीर बोमन एअरलॉकमध्ये (यानात शिरायच्या हवाबंद खोलीत) फेकला जातो तेव्हा हवा आत सुटेपर्यंत काहीही ऐकू येत नाही, आणि हवा आली की आवाज येतो. तिथे कटवर नव्हे, आवाज सुरू होतो त्या फ्रेमवर नोंद घ्या.

संवादाचा आलेख काढाल तर पहिली साधारण २५ मिनिटं आणि शेवटची २३ मिनिटं सपाट येतील. आलेखात चूक नाही. पहिलं वाक्य लिफ्टमधल्या कर्मचारी बाईचं आहे, तेही कामापुरतं.

चुकांसाठी वेगळा रकाना ठेवा, 'कारण'मध्ये घुसडू नका. चंद्रावर उतरताना धूळ ढगासारखी उडते. निर्वातात ती सरळ फेकली जाऊन खाली पडायला हवी. बुद्धिबळात हॅल वजीर 'बिशप थ्री'वर म्हणतो, तेव्हाच्या पद्धतीने प्रत्येकजण घरं आपल्या बाजूने मोजायचा, म्हणून त्याच्या बाजूने 'बिशप सिक्स' हवं. डाव खरा आहे, १९१० सालचा हॅम्बुर्गमधला. हॅल या चुकीच्या वेळीच बिघडलेला होता असं काहीजण हिरिरीने मांडतात. पुरावा तोकडा वाटतो, म्हणून वहीत तूर्त 'नोंद-पद्धतीची चूक' एवढंच.

पुढचा पिक्चर तार्कोव्स्कीचा 'सोलारिस' (१९७२). त्यातला टोकियोच्या रस्त्यांवरचा गाडीप्रवास 'कारण' रकान्यात बसवणं कठीण जाणार, कारण तिथे वेळ लांबवणारा भौतिकशास्त्राचा कुठलाच नियम नाही. बहुधा आणखी एक रकाना लागेल. कुणाला नाव सुचत असेल तर सांगा. 'मूड' नको, त्यात सगळंच बसतं.